संगणन-जटिलता
संगणन-जटिलता : एखादा प्रश्न सोडविण्यास किमान किती कृती व किती स्मृतिस्थान लागेल, याचा विचार करणारी गणितीय संगणकशास्त्राची शाखा. विशिष्ट यंत्राचा वेग हा तिचा विषय नव्हे. प्रश्नाचे आकारमान वाढत गेले असता श्रम कोणत्या प्रमाणात वाढतात, हे ती पाहते. उदा., एखाद्या गणनरीतीस आकारमानाच्या घनाइतक्या कृती लागत असतील, तर आकारमान ६० असताना २,१६,००० कृती होतात व सेकंदास दहा लक्ष कृती करणाऱ्या यंत्रास पाव सेकंदही लागत नाही. आकारमान एकाने वाढले की कृती दुप्पट होत असतील, तर ६० या आकारमानासाठी त्याच यंत्रास सु. ३६,५०० वर्षे लागतील. यंत्र हजारपट वेगवान केले, तरी तेवढ्याच काळात आकारमान जेमतेम दहाने वाढविता येते. पहिल्या प्रकारच्या रीतीस बहुपदी व दुसऱ्या प्रकारच्या रीतीस घातीय म्हणतात.

श्रमांचा असा हिशोब संगणकापेक्षा जुना आहे. दोन संख्यांचा महत्तम साधारण विभाजक काढण्याच्या यूक्लिड यांच्या रीतीत, लहान संख्येतील अंकांच्या पाचपटींहून अधिक भागाकार लागत नाहीत, असे गाब्रिएल लामे या फ्रेंच गणितज्ञांनी १८४४ मध्ये सिद्ध केले. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मात्र तर्कशास्त्रज्ञांचे लक्ष वेगळ्याच प्रश्नाकडे होते. कोणतेही तार्किक विधान सर्वथा सत्य आहे की नाही, हे ठरविणारी यांत्रिक रीती असू शकेल काय, असे डाव्हीट हिल्बर्ट व व्हिल्हेल्म आकरमान यांनी १९२८ मध्ये विचारले. अशी रीती असूच शकत नाही, हे १९३६ मध्ये ॲलॉन्झो चर्च व ॲलन ट्युरिंग यांनी स्वतंत्रपणे दाखविले. ‘सुटू शकते’ आणि ‘सुटू शकत नाही’ यांमधील सीमा अशा प्रकारे आखली गेली. परंतु तत्त्वतः सुटणारे कित्येक प्रश्न व्यवहारात सुटत नाहीत, ही अडचण तशीच राहिली. कुर्ट गोडेल यांनी मार्च १९५६ मध्ये जॉन फोन नॉयमान यांना लिहिलेल्या पत्रात, ठराविक लांबीची सिद्धता शोधण्यास यंत्राला किती कृती लागतील, असा नेमका प्रश्न केला होता. नॉयमान तेव्हा गंभीर आजारी होते व पुढील वर्षी त्यांचे निधन झाले. पत्र पुष्कळ वर्षे अज्ञातच राहिले.

युरिस हार्टमानिस व रिचर्ड स्टर्न्स यांच्या १९६५ मधील निबंधाने या विषयास पाया व नाव दिले. त्याच वर्षी जॅक एडमंड्स यांनी बहुपदी रीतीलाच ‘चांगली’ रीती मानावे, असे सुचविले. स्टीव्हन कुक यांनी १९७१ मध्ये एक विलक्षण गोष्ट सिद्ध केली. ज्यांचे उत्तर हाती आल्यावर त्वरेने तपासता येते, असे सर्व प्रश्न तर्कशास्त्रातील एकाच प्रश्नात रूपांतरित करता येतात. सोव्हिएट संघात लेओनिद लेव्हिन स्वतंत्रपणे याच निष्कर्षाप्रत आले (१९७३). रिचर्ड कार्प यांनी १९७२ मध्ये वेळापत्रके, नकाशांचे रंगकाम, वस्तू भरणे अशा प्रकारचे २१ प्रश्न या बाबतीत समतुल्य असल्याचे दाखविले. यांपैकी एकास जरी बहुपदी रीती सापडली, तरी सर्वांस सापडेल. ती आहे की नाही, हे अद्याप ठरलेले नाही. क्ले गणित संस्थेने २००० मध्ये त्यासाठी दहा लक्ष डॉलरचे पारितोषिक जाहीर केले.

हा सारा विचार संगणकतज्ञांपुरता राहिला नाही, हेच त्याचे खरे महत्त्व. स्पिन ग्लास या चुंबकीय पदार्थांत लगतच्या अणुचुंबकांपैकी काही जोड्यांचा कल समांतर राहण्याकडे, तर काहींचा परस्परविरुद्ध राहण्याकडे असतो आणि सर्वांचे समाधान एकाच वेळी होऊ शकत नाही. त्यांची न्यूनतम ऊर्जेची रचना त्रिमितीत शोधणे हा कार्प यांच्या यादीतील प्रश्नांइतकाच कठीण प्रश्न आहे, असे फ्रान्सिस्को बाराओना यांनी १९८२ मध्ये दाखविले. देवघेव उलटही झाली. धातू तापवून सावकाश थंड करण्याच्या अनुशीतन क्रियेवरून स्कॉट कर्कपॅट्रिक व सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये विद्युत् मंडलांच्या मांडणीसाठी उपयुक्त अशी गणनरीती तयार केली.

जीवविज्ञानात हा प्रश्न अधिक बोचक ठरला. प्रथिनाची साखळी सर्व शक्य घड्या क्रमाने चाचपू लागली, तर विश्वाचे वयही अपुरे पडेल, याकडे सायरस लेव्हिन्थॉल यांनी १९६९ मध्ये लक्ष वेधले; पेशीत मात्र कित्येक प्रथिने सेकंदाच्या आतच घडी घालतात. १९९८ मध्ये अतिसरल प्रतिमानातही इष्टतम घडी शोधणे कठीण वर्गात मोडते, असे सिद्ध झाले. निसर्ग अशक्य गणन करतो, असा अर्थ यातून काढणे चुकीचे आहे. काठिण्याची सिद्धता सर्वांत अवघड उदाहरणांविषयी असते. उत्क्रांतीने टिकविलेली प्रथिने त्यांतील नव्हेत. ज्ञात रचनांवरून शिकणाऱ्या आल्फाफोल्ड या संगणकीय प्रणालीने २०२० मध्ये मिळविलेले यश (रसायनशास्त्राचे नोबेल, २०२४) हेच सुचविते. अर्थशास्त्रात जॉन नॅश यांनी १९५० मध्ये समतोलाचे अस्तित्व सिद्ध केले होते. दोन खेळाडूंच्या बाबतीतही तो शोधणे सर्वसाधारणपणे कठीण असावे, असे दर्शविणारे निष्कर्ष २००६ मध्ये पुढे आले.

भारतातील सर्वांत महत्त्वाची भर अविभाज्य संख्यांविषयी आहे. कानपूर येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील मणींद्र अग्रवाल आणि नुकतेच पदवीधर झालेले त्यांचे विद्यार्थी नीरज कयाल व नितीन सक्सेना यांनी ऑगस्ट २००२ मध्ये, संख्या अविभाज्य आहे की नाही हे निश्चितपणे ठरविणारी बहुपदी रीती दिली. पूर्वीच्या त्वरित रीती संभाव्यतेवर वा असिद्ध गृहीतकावर अवलंबून होत्या. व्यवहारात संभाव्यतेच्या रीती अधिक जलद असल्याने आजही त्याच वापरतात. कानपूरच्या निष्कर्षाचे मोल तात्त्विक आहे. संख्या विभाज्य आहे एवढे त्या रीतीने कळते, तिचे अवयव कळत नाहीत. अवयव पाडण्याच्या या अवघडपणावरच १९७७ मधील आरएसए ही गुप्तलेखनपद्धती उभी आहे. पुंजयामिकीवर चालणारा संगणक ते त्वरेने पाडू शकेल, असे पीटर शोर यांनी १९९४ मध्ये सिद्ध केले. तेवढ्या क्षमतेचे यंत्र अद्याप बनलेले नसले, तरी त्यापासून सुरक्षित राहतील अशा पद्धतींची पहिली तीन मानके अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने ऑगस्ट २०२४ मध्ये प्रसिद्ध केली.