मोबाइलच्या पडद्यावरील देवनागरी

मोबाइलचा पडदा सुबोध असावा, म्हणजे त्यावरील मजकूर नजरेला चटकन कळावा आणि कळ बोटाला अचूक सापडावी, ही अपेक्षा देवनागरीच्या बाबतीत बराच काळ अपुरी राहिली. कारण ज्या पडद्यांवर ही लिपी बसवली गेली, त्यांची मोजमापे रोमन अक्षर समोर ठेवून ठरलेली होती. नोकिया ३३१० या सन २००० मधील दूरध्वनीचा पडदा ८४ ठिपके रुंद आणि ४८ ठिपके उंच होता. त्यात आठ ठिपके उंचीच्या ओळी धरल्या तर रोमन मजकूर वाचनीय राहतो. परंतु ‘मूर्ती’ हा साधा शब्द त्याच उंचीत बसवायचा झाल्यास शिरोरेषेलाच एक ठिपका जातो आणि उरलेल्या सातांत अक्षराचे अंग, ‘म’खालचा ऊकार, ‘त’वरची वेलांटी आणि तिच्याशेजारचा रफार अशी चार कामे उरकावी लागतात. हा दोष लिपीचा नाही, मापाचा आहे.

ही अडचण मुंबईच्या छापखान्यांना नवी नव्हती. एकोणिसाव्या शतकात देवनागरी खिळ्यांच्या, म्हणजे धातूच्या सुट्या अक्षरांच्या, दोन पद्धती रूढ होत्या: ‘अखंड’ पद्धतीत अक्षर आणि त्याचे स्वरचिन्ह एकाच खिळ्यावर असे, तर ‘डिग्री’ पद्धतीत स्वरचिन्हाचा वेगळा तुकडा अक्षराला जोडला जाई. दोहोंतही खिळे जुळवणाऱ्याला शेकडो खान्यांची केस हाताळावी लागे, पण ओळीची उंची तरी लिपीच्या गरजेनुसार ठरत असे. मोबाइलने हे स्वातंत्र्य काढून घेतले.

संगणकाच्या काळात १९८६ साली इन्स्क्रिप्ट हा कळफलक सरकारी पातळीवर ठरला, ज्यात स्वर डाव्या हाताला आणि व्यंजने उजव्या हाताला येतात. पुढे युनिकोड या जागतिक संकेतप्रणालीत ऱ्हस्व वेलांटी व्यंजनानंतर साठवली जाते, जरी ती डोळ्यांना व्यंजनाआधी दिसते. ही अदलाबदल पडद्यावर करणारी आज्ञावली ज्या सुरुवातीच्या स्मार्टफोनमध्ये नव्हती, त्यांत ‘किती’सारखा शब्द तुटून दिसे, आणि अक्षरसंचच नसला तर नुसते चौकोन उमटत. मराठी वाचकाला मराठी संदेश रोमन लिपीत लिहिण्याची जी सवय जडली, तिच्या मुळाशी आळस नव्हे, तर ही गैरसोय होती, हे स्पष्टपणे नोंदवायला हवे.

या इतिहासात सर्वाधिक लक्षणीय काम मुंबईतच झाले. आयआयटी मुंबईच्या औद्योगिक संकल्पन केंद्रात प्रा. अनिरुद्ध जोशी यांच्या पुढाकाराने तयार झालेला आणि २०१३ साली उपलब्ध झालेला ‘स्वरचक्र’ हा कळफलक इंग्रजी टंकयंत्राची नक्कल करत नाही, तर शाळेत पाठ केलेल्या वर्णमालेच्या क्रमाने व्यंजने मांडतो. ‘क’वर बोट ठेवताच त्याभोवती ‘का’, ‘कि’, ‘की’, ‘कु’ अशा बाराखडीचे चक्र उघडते आणि बोट हव्या त्या दिशेला सरकवले की पूर्ण अक्षर उमटते. काना-मात्रांसाठी स्वतंत्र कळा शोधाव्या लागत नसल्याने, ज्याने कधी टंकलेखन केले नाही त्यालाही लिहिता येऊ लागले. बाराखडीचे हे ज्ञान प्रत्येक साक्षर मराठी माणसाजवळ आधीपासूनच होते. त्याचा उपयोग करावा असे संकल्पकांना सुचणे, यातच या कामाची थोरवी आहे.

भारतीय मानक ब्यूरोने २०१६ मध्ये आयएस १६३३३ या मानकाच्या तिसऱ्या भागात दूरध्वनीवर २२ भारतीय भाषांचा मजकूर वाचता यावा, तसेच इंग्रजी, हिंदी आणि आणखी किमान एका भारतीय भाषेत लिहिता यावे, असे ठरवले. याच दशकात मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेने ‘मुक्त’सारखे पडद्यासाठी योग्य अक्षरसंच घडवले. तरीही बटणाची उंची पूर्वीप्रमाणेच रोमन मापाने ठरवली गेली, तर ‘रद्द करा’ या शब्दांतील ‘द्द’चा खालचा अर्धा भाग चौकटीबाहेर कापला जातो आणि वापरणाऱ्याला ‘रद करा’ एवढेच दिसते.