प्रतिमेवरचा पाय

वसईत शिकलेल्यांना गोन्सालो गार्सिया हे नाव कॉलेजच्या पाटीमुळे माहीत असतं. हा वसईकर थेट जपानात क्रुसावर कसा मेला, ते मात्र फारसं सांगितलं जात नाही.

वडील पोर्तुगीज, आई इथलीच. पोरवयात तो जेझुइटांबरोबर जपानला गेला, तिथली भाषा शिकला, काही वर्षं व्यापारही केला. मग मनिलात फ्रान्सिस्कन ब्रदर झाला आणि १५९३मध्ये दुभाषा म्हणून जपानला परतला. तिथला सत्ताधीश हिदेयोशी मिशनऱ्यांवर उलटला तेव्हा गोन्सालोही पकडला गेला. क्योतोत कैद्यांच्या डाव्या कानाचे तुकडे कापले, ऐन थंडीत नागासाकीपर्यंत चालवत नेलं. वाटेत त्यांची सेवा करणारे दोघंही कैद्यांत धरले गेले. ५ फेब्रुवारी १५९७ला एकूण सव्वीस जणांना क्रुसावर चढवून भाल्यांनी भोसकलं. त्यांत बारा वर्षांचा एक मुलगाही होता.

अशा मरणाची गोष्ट सांगायला सोपी असते. पुढे जे झालं ते सांगणं अवघड आहे.

१६१४मध्ये देशभर ख्रिस्ती धर्मावर बंदी आली. मारलेल्यांना लोक संत मानतात, हे राज्यकर्त्यांच्या लक्षात आलं. मग त्यांनी जीव घेण्यापेक्षा श्रद्धा सोडायला लावण्यावर भर दिला. येशूची किंवा मारियेची प्रतिमा जमिनीवर ठेवायची आणि तिच्यावर पाय द्यायला लावायचं. या प्रकाराला ‘फुमी-ए’ म्हणत. नागासाकीत नव्या वर्षाच्या सुमारास दरसाल हे चाले. शिवाय प्रत्येक घराची बौद्ध मंदिरात नोंद सक्तीची होती.

काहींनी नकार दिला आणि छळ सोसत मेले. १६३३मध्ये फेरेरा नावाच्या जेझुइटालाच खड्ड्यात उलटं टांगलं, तेव्हा त्याने श्रद्धा सोडली. (एंदो शुसाकूच्या ‘सायलेन्स’ कादंबरीत आणि स्कोर्सेसीच्या सिनेमात तो भेटतो.) पण असंख्य साध्या शेतकऱ्या-कोळ्यांनी प्रतिमेवर पाय दिला, घरी गेले आणि पश्चात्तापाची प्रार्थना म्हटली. पापकबुली ऐकायला फादर नसेल तर मनापासूनचा पश्चात्ताप पुरतो, असं सांगणारी एक छोटी पुस्तिका बंदीच्या आधीपासून त्यांच्याकडे होती. तीच नकला करून, पाठ करून पिढ्यानपिढ्या पुढे गेली. बाप्तिस्मा गावातलाच कुणी देई. बौद्ध भिक्षू अंत्यविधीचे मंत्र म्हणत असताना ते मंत्र पुसून टाकणारी प्रार्थना काही गावांत गुपचूप म्हटली जाई.

यांना ढोंगी म्हणता येईल का? मला नाही तसं वाटत. ढोंगी माणूस आपल्या वागण्याला चांगलं नाव देतो. ‘परिस्थितीच तशी होती’, ‘नुसता पायच तर ठेवला’, असं म्हणून त्यांनाही मोकळं होता आलं असतं. पण मागणी अन्यायाची असली तरी तिच्यापुढे वाकलेला पाय आपला आहे, हे ते दरवर्षी कबूल करत राहिले. असं सुमारे सव्वादोनशे वर्षं चाललं.

१८६५मध्ये फ्रेंच धर्मगुरूंनी नागासाकीत परदेशी लोकांसाठी ओउरा चर्च उघडलं. ते त्याच सव्वीस जणांना, म्हणजे आपल्या गोन्सालोलाही, अर्पण केलेलं होतं. १७ मार्चला शेजारच्या उराकामी गावातली काही माणसं आत आली. एका बाईने फादर पेतीजाँला हळूच सांगितलं, आमचंही मन तुमच्यासारखंच आहे. मग विचारलं, मारियेची मूर्ती कुठे आहे?

फुमी-ए तोवर थांबलं होतं, बंदी मात्र कायम होती. तरी दोन वर्षांनी याच गावाने अंत्यविधीला भिक्षू बोलवायला उघड नकार दिला. तीन हजारांहून जास्त लोकांना घरादारासकट देशभर हद्दपार केलं गेलं. सहाशेंवर माणसं तिकडेच मेली. छळ सोसवेना म्हणून कित्येकांनी पुन्हा श्रद्धा सोडली. त्यांतल्या काहींनी ते सोडणंही नंतर मागे घेतलं.

१८७३मध्ये बंदीचे फलक उतरले आणि वाचलेले गावी परतले. काही वर्षांनी त्यांनी पैसे जमवून गावच्या मुखियाचा वाडा विकत घेतला. याच वाड्यात त्यांच्या आज्यापणज्यांना दरसाल प्रतिमेवर पाय द्यावा लागे. त्या जागेवर त्यांनी चर्च बांधलं.