स्वयंचलित गिअरबॉक्स : पिकअप ट्रकमधील बिघाड व दुरुस्ती

पिकअप ट्रकच्या स्वयंचलित गिअरबॉक्समधील बहुतेक बिघाडांचे मूळ उष्णता आणि तेलाचा उतरलेला दाब यांत असते. जळालेला भाग हा परिणाम असतो. जनरल मोटर्सने १९९३ पासून पिकअपमध्ये वापरलेला चार गिअरांचा ‘४एल६०-ई’ हे त्याचे ठळक उदाहरण. यात तिसऱ्या-चौथ्या गिअरचा क्लच वारंवार जळतो : गाडी दुसऱ्यापर्यंत नीट जाते, पुढे इंजिन नुसते गरगरते. क्लचच्या चकत्या बदलल्या की काम झाले, असे अनेक जण मानतात. परंतु पिस्टनची कडक झालेली सीले किंवा व्हॉल्व्ह बॉडीतील झिजलेली छिद्रे यांतून दाब गळत असेल, तर नव्या चकत्याही घसरून जळतात. म्हणून गिअरबॉक्स उतरवण्यापूर्वी दाबमापक लावणे अत्यावश्यक आहे. उष्णता-दाबाच्या या नियमाला अपवाद आहेच. सन गिअर फिरवणारे कवच तुटले की दुसरा, चौथा व रिव्हर्स एकदम जातात, पहिला व तिसरा मात्र चालतात. तिथे दोष धातूच्या ताकदीचा असतो आणि मजबूत कवच हाच उपाय.

जुने तेल बदलल्याने गिअरबॉक्स बसतो, हा आक्षेप नेहमी घेतला जातो. तो अनुभवातून आला असला, तरी कारण-परिणाम उलटे धरतो : तेल बहुधा घसरणे सुरू झाल्यावरच बदलले जाते, म्हणजे चकत्या आधीच संपलेल्या असतात. ट्रेलर ओढणाऱ्या गाडीचे तेल वेळेआधी बदलावे आणि तिला जादा कूलर बसवावा. गिअरबॉक्सच्या फेरजुळणीनंतर कूलरच्या नळ्या धुतल्या नाहीत, तर त्यांतला धातूचा कीस नव्या भागांत उतरतो.