बरे झालेल्यांचें गांव

वर्ध्याहून बल्लारपुराकडे जाणाऱ्या आगगाडीच्या वाटेवर वरोरा लागतें आणि त्यानंतर माजरी. माजरीचें नांव कोळशाशीं जोडलेलें आहे. वरोऱ्याचें मात्र 1951 पासून एका निराळ्याच उद्योगाशीं जोडलें गेलें. गांवानें वेशीबाहेर घातलेल्या माणसांना पुन्हा कामाला लावण्याचा तो उद्योग होय.

महारोग्यांची सेवा या प्रदेशाला अगदींच अपरिचित नव्हती. वर्ध्याजवळ दत्तपूर येथें मनोहरजी दिवाण यांनीं 1936 सालीं कुष्ठधाम काढलें होतें आणि सेवाग्रामांत गांधीजी परचुरेशास्त्र्यांची शुश्रूषा स्वतःच्या हातांनीं करीत. वरोऱ्याचे वकील मुरलीधर देविदास ऊर्फ बाबा आमटे हे भंग्यांसमवेत मैला वाहत असतां त्यांना रस्त्याकडेला एक मरणोन्मुख महारोगी दिसला. ते भ्याले आणि तेथून पळाले. इंग्रज सोजिरांना न भिणारा हा माणूस त्या भीतीनें बेचैन झाला व परत फिरला. पुढें कलकत्त्यास जाऊन त्यांनीं या रोगाचें रीतसर शिक्षण घेतलें. भाविक चरित्रकार या प्रसंगांतील धैर्यच तेवढें वर्णितात. खरें पाहतां मोल आहे तें भीतीच्या कबुलीला.

1951 च्या जूनमध्यें आनंदवनाची वस्ती उभी राहिली. पत्नी साधनाताई, दोन लहान मुलें, सहा रोगी, एक लंगडी गाय आणि चौदा रुपये एवढें भांडवल. जमीन पन्नास एकर, तीही खडकाळ व झुडपांनीं व्यापलेली. पाणी नव्हतें, म्हणून पहिलें काम विहिरीचें.

औषधाची बाजू त्यावेळीं नुकतीच पालटली होती. पूर्वीं कडू कवठीच्या तेलाचीं वेदनादायक इंजेक्शनें टोंचीत. चाळिसाच्या दशकांत सल्फोन औषधें आलीं, आणि त्यांतील डॅप्सोन गरिबालाही परवडूं लागलें. परंतु जंतु मेले तरी बधिर झालेला हात बधिरच राहतो. कुदळीनें फोड आला, चुलीनें चटका बसला, खडा रुतला, तरी धन्याला पत्ता नसतो. मग जखम चिघळते आणि बोटें झडतात. म्हणून आनंदवनांत मलमपट्टी आणि शेतकाम यांची सांगड पडली. रोज हातपाय तपासणें, व्रण धुणें, पट्टी बांधणें आणि मग नांगर, गोठा, भाजीचा मळा किंवा हातमाग. भीक नको, काम हवें, हा बाबांचा हट्ट होता. आणि झडलेल्या बोटांच्या माणसाकडून मेहनत मागणें प्रथमदर्शनीं निष्ठुरपणाचें वाटलें, तरी त्याला मजूर म्हणून मान देण्याचा दुसरा मार्ग कोणता होता?

मळा पिकला, पण गिऱ्हाईक येईना. महारोग्यानें पिकविलेली भाजी व काढलेलें दूध वरोऱ्यांतील घरांत कोण घेणार? पुढें सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल या संस्थेचे परदेशी स्वयंसेवक इमारती बांधावयास आले. ते रोग्यांबरोबर राबले आणि तेथलेंच अन्न जेवले. तें पाहून गांवाची भीड चेपली. शेजाऱ्यांनीं वर्षानुवर्षें न दिलेलें प्रमाणपत्र दूरदेशींच्या पाहुण्यांच्या ताटानें दिलें, हें थोडें लाजिरवाणें खरें. 1964 सालीं तर याच रोग्यांच्या श्रमांतून आनंद निकेतन महाविद्यालय उभें राहिलें, आणि गांवोगांवचीं निरोगी मुलें तेथें शिकावयास येऊं लागलीं.

खरी अडचण पुढेंच होती. रोगी बरा झाला, दाखला मिळाला, जावें कोठें? घरचा दरवाजा बंद असे. त्यामुळें आनंदवन हें रुग्णालय न राहतां गांव बनलें: तेथें लग्नें लागलीं, संसार झाले, आणि थकलेल्यांसाठीं निवारा बांधावा लागला. जंतु मारण्याची बाब बहुविध औषधोपचारानें 1982 नंतर आणखी सोपी झाली. कायद्याची बाब त्याहून रेंगाळली. निर्धन महारोग्याला पकडून कोंडण्याची मुभा देणारा 1898 चा कायदा 2016 सालीं रद्द झाला. आणि जोडीदाराला कुष्ठरोग आहे एवढ्यावरून घटस्फोट मागण्याची तरतूद पुसली जावयास 2019 साल उजाडलें.