खेळगाडीचीं चाकें

जत्रेंतील उंच पाळण्यांत बसणारा माणूस भीति वाटावी म्हणूनच पैसे मोजतो. मात्र त्या भीतीच्या पोटीं खरा अपाय नसावा, अशी त्याची मनांतून अट असते. पाळणेवाल्याशीं होणारा हा अलिखित करारच सर्व साहसी करमणुकींच्या मुळाशीं आहे. पाश्चात्त्य देशांत ह्या कराराचें सर्वांत भव्य स्वरूप म्हणजे लाकडी रोलर कोस्टर होय. शंभर फूट उंचीला जाऊन भिडणारा लाकडी सांगाडा, त्यावरून चढउतार घेत जाणारा मार्ग, आणि उतारावर इंजिनावांचून केवळ स्वतःच्या वजनानें धांवणारी डब्यांची माळ, असें त्याचें रूप असतें. पाहणाऱ्याची दृष्टि त्या सांगाड्यावर खिळते. परंतु बसणाऱ्याचें सुख आणि त्याचा जीव हीं दोन्ही बांकाखालीं दडलेल्या चाकांवर अवलंबून असतात. ह्या चाकांचा इतिहास पाहिला म्हणजे सुरक्षितता निराळी आणि सुख निराळें, हें ध्यानांत येतें.

ह्या खेळाचा उगम रशियांतील हिमांत आहे. सतराव्या-अठराव्या शतकांत सेंट पीटर्सबर्गच्या परिसरांत हिवाळ्याच्या दिवसांत लाकडाचे उंच उतार उभारीत, त्यांवर पाणी ओतून बर्फाचा थर जमवीत, आणि लहानशा घसरपाटावर बसून लोक भरधांव खालीं येत. सम्राज्ञी दुसरी कॅथरीन हिला ह्या खेळाची आवड होती. १७६२ ते १७७४ ह्या काळांत आंतोनिओ रिनाल्दी ह्या वास्तुशिल्पज्ञानें ओरानिएनबाउम येथें तिच्यासाठीं ह्या खेळाचा एक सुंदर महाल उभारला. त्याच्या उतारावरून चाकांच्या गाड्या सोडीत, म्हणून उन्हाळ्यांतहि तो खेळ चाले. फ्रेंच लोक अद्याप ह्या खेळास 'रशियन पर्वत' म्हणतात, तर रशियन लोक त्यालाच 'अमेरिकन टेकड्या' म्हणतात. दुसऱ्याच्या देशाचें नांव देण्याचा हा दोघांचा विनय मोठा गमतीचा आहे.

१८१७ मध्यें पॅरिसमधील बेलव्हिल आणि बोजाँ येथें असे उतार उभे राहिले. हिमावरचा पाट घसरतो. चाकांची गाडी उसळते, वांकडी होते, प्रसंगीं मार्ग सोडते. म्हणून तेथील कारागिरांनीं गाडी बाजूच्या मार्गदर्शक रुळांत अडकवून टाकण्याची युक्ति योजिली. गाडीला मार्ग सोडतांच येऊं नये, हें तत्त्व अशा रीतीनें फार लवकर हातीं आलें होतें. परंतु अमेरिकेंत जेव्हां हा खेळ नव्यानें जन्मला, तेव्हां तें पुन्हां एकवार शोधावें लागलें.

अमेरिकेंतील जन्म मात्र राजवाड्यांत झाला नाहीं, तो कोळशाच्या खाणींत झाला. पेन्सिल्व्हानियांतील मॉक चंक येथें १८२७ मध्यें डोंगरावरील खाणींतून नदीकडे कोळसा उतरविण्यासाठीं रूळ घातले गेले. भरलेल्या गाड्या उतारावरून आपोआप खालीं येत. रिकाम्या गाड्या वर ओढून नेण्याचें काम खेंचरांचें असे, आणि तीं खेंचरेंहि गाडींत बसूनच डोंगर उतरत. पुढें कोळशाला दुसरा मार्ग सांपडला, तेव्हां ह्याच रुळांवरून लोक हौसेनें प्रवास करूं लागले आणि १९३३ पर्यंत ती गाडी चालली.

ह्या यशाचा धडा घेऊन लामार्कस थॉम्पसन ह्यानें १८८४ च्या जूनमध्यें न्यूयॉर्कजवळच्या कोनी आयलंड येथें आपली 'स्विचबॅक रेल्वे' सुरू केली. स्विचबॅक म्हणजे दिशा पालटून परत फिरणारा मार्ग. बोरघाटांत १८६३ पासून १९२९ पर्यंत आगगाडी एका ठिकाणीं थांबून तोंड फिरवून पुढें जात असे, त्याच जातीचा हा प्रकार. थॉम्पसनचा मार्ग सुमारें सहाशें फूट लांब होता. एका टोंकास मनोऱ्यावर चढून गाडींत बसावें, दुसऱ्या टोंकास उतरावें, नोकरांनीं गाडी दुसऱ्या रुळावर ढकलावी आणि परत यावें, असा क्रम असे. प्रवासी बागेंतल्या बांकावर बसावें तसे बाजूला तोंड करून बसत. भाडें पांच सेंट आणि वेग ताशीं अवघा सहा मैल. हातगाडीच्या वेगानें जाणाऱ्या डब्यास ना दांडा लागे, ना पट्टा. मंदपणा हाच तेथील रक्षक होता.

तो फार काळ टिकला नाहीं. पुढच्याच वर्षीं फिलिप हिंकल ह्यानें यंत्राच्या बळावर गाडी चढावर ओढून नेण्याची सोय केली. माणसांनीं ढकलण्याची मर्यादा संपली, गाड्या जड झाल्या, टेकड्या उंचावल्या. ह्या पिढींतील मार्गांवर गाडीच्या दोन्ही बाजूंस लाकडी कठडे असत आणि डब्याचीं बाजूचीं चाकें त्यांना घांसत जात. त्यामुळें गाडी डावी-उजवीकडे जात नसे. परंतु तिला वर उचलली जाऊं न देणारें असें कांहींच नव्हतें, तिचें वजनच तिला धरून ठेवी. म्हणून एक तर टेकड्या सौम्य ठेवाव्या लागत, नाहीं तर गाडीवर ब्रेक सांभाळणारा माणूस बसवावा लागे. पेन्सिल्व्हानियांतील अल्टूना येथें १९०२ मध्यें एडवर्ड मॉरिस ह्यानें बांधलेला 'लीप द डिप्स' पहिल्या प्रकारचा. मेलबर्नच्या लूना पार्कमधील १९१२ ची 'सीनिक रेल्वे' दुसऱ्या प्रकारची. ह्या दुसऱ्या गाडींत चालकाचा हात आणि त्याची नजर हेंच सुरक्षिततेचें साधन होतें.

उतावळेपणानें काय घडतें, ह्याचें उदाहरणहि त्याच काळांतलें आहे. १८९५ मध्यें कोनी आयलंडवर 'फ्लिप फ्लॅप' नांवाच्या मार्गांत गाडीला पूर्ण उलटी कोलांटी मारावयास लावीत. ती कोलांटी पूर्ण वर्तुळाकार होती. वर्तुळाच्या माथ्यावरून कशीबशी पार होण्याइतका वेग असलेल्या गाडींतील माणसाला तळाशीं आपल्या वजनाच्या सहापट भार सोसावा लागतो, असें गणित सांगतें. आणि सरळ रुळावरून वर्तुळांत शिरतांच तो भार एकदम मानेवर येतो. प्रवाशांच्या मानांना दुखापती झाल्या. गाडी पडली नाहीं, रूळ तुटला नाहीं. तरीहि करार मोडला होता. १९०१ मध्यें एडविन प्रेस्कॉटनें ती कोलांटी लंबवर्तुळाकार करून भार पुष्कळ सौम्य केला. परंतु त्याच्या डब्यांत चौघांचीच सोय होती, आणि धंदा म्हणून तें परवडलें नाहीं.

खरी क्रांति घडविली ती जॉन मिलर (१८७२–१९४१) ह्यानें. हा तरुणपणीं थॉम्पसनच्याच हाताखालीं तयार झाला होता. चढावर साखळी तुटली तर भरलेली गाडी मागें घसरत येई. मिलरनें डब्याखालीं एक खिटी बसविली आणि ती रुळामधल्या दातेरी पट्टीवरून एकेक दांत ओलांडीत जाईल अशी योजना केली. साखळी तुटली तरी खिटी दांतांत अडकून गाडी जागच्या जागीं थांबते. चढावर ऐकूं येणारा आणि बसणाऱ्याचें काळीज धडधडविणारा तो 'खट् खट्' आवाज वस्तुतः अभयाचा आवाज आहे. त्याची दुसरी कल्पना ह्याहूनहि मोठी होती. वजन पेलणारें चाक वर, बाजूस धरणारें चाक कडेला, आणि रुळाच्या खालून लागणारें तिसरें चाक: अशा तिन्ही चाकांनीं त्यानें रुळाला मुठींत धरल्यासारखें केलें. गाडी उसळूं लागली कीं खालचें चाक तिला रोखतें. १९१० ते १९२० ह्या दशकांतील ह्या सुधारणेनें गाडीनें रूळ सोडण्याची भीति जवळजवळ संपविली.

परंतु सुरक्षिततेची ही सारी मिळकत लागलीच वेगावर खर्च झाली. गाडी उडून जात नाहीं, असें दिसतांच बांधणाऱ्यांनीं उतार जवळजवळ उभे केले. १९२७ च्या जूनमध्यें कोनी आयलंडवर 'सायक्लोन' सुरू झाला. उंची ८५ फूट, वेग ताशीं साठ मैल. त्याच वर्षीं कॅनडांतील क्रिस्टल बीच येथें हॅरी ट्रेव्हरचा 'सायक्लोन' उभा राहिला. त्याचीं वळणें इतकीं क्रूर होतीं कीं, उतरणाऱ्या प्रवाशांसाठीं तेथें एक परिचारिका ठेवलेली असे. १९४६ मध्यें तो बंद झाला. गाडी रुळावर राहिली कीं माणूस सुखरूप राहिला, असें नाहीं, हें तेथील परिचारिकेच्या नेमणुकीनेंच जणूं कबूल केलें होतें.

मग सुख बिघडतें कोठें? बहुतेकांचा रोष लाकडावर असतो, पण तो अर्धाच खरा आहे. लाकडी रूळ म्हणजे एकावर एक ठोकलेल्या फळ्यांचे सात-आठ थर आणि माथ्यावर लोखंडी पट्टी. हें लाकूड भाराखालीं किंचित् दबतें आणि हादरा पोटांत घेतें. तोच त्याचा गुण. दोष बहुतेक वेळां डब्याच्या बांधणींत असतो. तीन-चार बांकांचा लांब डबा दोन ताठ आंसांवर बसविला कीं वळणावर त्याचीं चाकें रुळाच्या दिशेनें वळूं शकत नाहींत. लांब बाज वाड्याच्या अरुंद जिन्यावरून नेतांना ती जशी प्रत्येक वळणावर भिंतींना आपटते, तसा हा डबा रुळावर आपटत जातो. प्रत्येक आपट लाकडांत लहानसा खळगा पाडते आणि त्या खळग्यानें पुढच्या गाडीला अधिक मोठी आपट बसते. चाकांवरच्या बांकाला हा मार सर्वांत अधिक. दोन आंसांच्या मधल्या बांकावर तो कमी. म्हणून जाणते लोक डब्याच्या मध्यभागीं जागा धरतात.

ह्यावरचा उपाय जुनाच आहे. कॅलिफोर्नियांतील टॉमस प्रायर आणि फ्रेडरिक चर्च ह्या जोडीनें १९२० नंतर एकेका बांकाचे आंखूड डबे केले. प्रत्येकाला एकच आंस. बैलगाडीचें जूं बैलांच्या मानेवर टेकावें तसें डब्याचें तोंड पुढल्या डब्यावर टेकलेलें. १९२४ पासून शिकागोच्या रिव्हरव्ह्यू बागेंत धांवणाऱ्या 'बॉब्ज'ची अशा अकरा डब्यांची माळ सर्पासारखी वळणें घेई. परंतु पुढें मंदी आली, महायुद्ध आलें. शेंकडों लाकडी मार्ग मोडले गेले, आणि त्यांच्याबरोबर ही रीतहि मागें पडली.

१९७२ मध्यें ओहायो संस्थानांतील किंग्ज आयलंड येथें जॉन ॲलननें 'रेसर' बांधला, तेथून ह्या खेळाचें पुनरुज्जीवन झालें. पण उंचीची जुनी हांवहि परत आली. त्याच बागेंत २००० मध्यें 'सन ऑफ बीस्ट' उभा राहिला: २१८ फूट उंच, कोलांटीसह, आणि जड डब्यांचा. ९ जुलै २००६ रोजीं त्याच्या सांगाड्यांतील लांकूड तडकून रुळांत खळगा झाला आणि त्या एका हिसक्यानें २७ माणसें जखमी झालीं. पुढच्या वर्षीं कोलांटी काढून हलके डबे आणले गेले. तरी २००९ मध्यें तो बंद पडला आणि २०१२ मध्यें पाडण्यांत आला. कांहीं ठिकाणीं तर लांकूडच सोडावें लागलें: टेक्सासमधील 'टेक्सास जायंट'च्या सांगाड्यावर २०११ मध्यें पोलादी रूळ आला.

ह्याच सुमारास माइक बुडली आणि क्लेअर हेन ह्यांच्या कंपनीनें, नव्या शतकाच्या उंबरठ्यावर, प्रायर-चर्च पद्धतीचे एकेका बांकाचे डबे पुन्हां बनविले. डबा वळणाबरोबर वळतो, म्हणून माणसाच्या अंगाला आपट कमी आणि रुळालाहि झीज कमी. एकच योजना बसणाऱ्याला आणि लांकडाला दोघांनाहि मानवली.

लांकूड ऊन-पावसांत फुगतें, आखडतें, खिळे सैल होतात. म्हणून आजहि बागेचे दरवाजे उघडण्यापूर्वीं कामगार हातांत हत्यारें घेऊन मार्गाची फळी न् फळी चालत पाहतात, आणि मग रिकामी गाडी एक-दोनदां फिरवून आणतात. त्यानंतरच पहिला प्रवासी आपल्या भीतीचे पैसे मोजतो.