पहिली माउंटन बाईक घेताय? आधी 'किती इंची' म्हणजे नेमकं काय ते समजून घ्या

गिअरची सायकल घ्यायला दुकानात गेलात की पहिला प्रश्न येतो, "किती इंची दाखवू? सव्वीस, साडेसत्तावीस की एकोणतीस?" आपल्याला वाटतं, हे आपल्या मापाबद्दल विचारतायत. मग उंच माणूस २९ म्हणतो, बुटका २६ म्हणतो, आणि ज्याला काहीच कळत नाही तो मधलं २७.५ म्हणून मोकळा होतो. त्यानंतरची सगळी चर्चा डिस्क ब्रेक, २१ गिअर आणि रंग यांवर होते.

गंमत अशी, की त्या प्रश्नात तुमच्या मापाबद्दल काहीच विचारलेलं नसतं. २६, २७.५ आणि २९ हे चाकाचे आकडे आहेत. तुमचं माप ठरतं फ्रेमवर, म्हणजे सायकलच्या सांगाड्यावर, आणि तो आकडा अनेकदा कुणी सांगतही नाही. शर्ट घेताना बटणांचा आकार ठरवून छातीचं माप विचारायचं राहून जावं, तसा हा प्रकार.

मी स्वतः हे करून बसले आहे. उंची १६० सेंटीमीटर आणि सायकल घेतली १९ इंची फ्रेमची, कारण सेलमध्ये तीच उरली होती आणि दुकानदार म्हणाला, "सीट खाली घेऊ, बसेल." सीट खाली आली, पण हँडल काही जवळ आलं नाही. दोन महिन्यांत मान आणि तळहात दुखायला लागले आणि सायकल बाल्कनीत गेली.

इंचांचा गोंधळ आला कुठून?

घरातल्या मोठ्यांना विचारा. ते सांगतील, "आमची २२ इंची होती." किंवा २४ इंची. तो आकडा चाकाचा नव्हता, फ्रेमचा होता. जुन्या काळ्या सायकलींना चाकं बहुतेक २८ इंचीच असायची. दुकानदार माणसाकडे बघून २० इंची, २२ इंची किंवा २४ इंची फ्रेम काढून द्यायचा. सीटखालच्या उभ्या नळीची ती लांबी. लहान मुलांचे पाय पुरायचे नाहीत, म्हणून तर ती दांड्याखालून पाय घालून हाफ पेडल मारत शिकायची.

लहान मुलांच्या सायकली मात्र चाकावरून ओळखल्या जातात: १२, १६, २०, २४. तीच सवय पुढे मोठ्यांच्या गिअरच्या सायकलींना लागली. आता ऑनलाइन दुकानात '२६टी', '२९टी' असं मोठ्या अक्षरात दिसतं आणि 'फ्रेम साइज १८ इंच' ही ओळ खाली तपशिलात कुठेतरी असते. त्यामुळे वडिलांची २४ इंची आणि आज पोरासाठी घेतलेली २४ इंची, या दोन वेगळ्याच गोष्टी आहेत.

मग चाकाचा आकडा कशासाठी?

चाकाच्या आकारानुसार सायकल चालवण्याचा अनुभव बदलतो. माउंटन बाईक जन्मली ती १९७०च्या दशकात, अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात, मरिन काउंटीच्या डोंगरउतारांवर. तिथल्या मुलांनी जाड टायरच्या जुन्या सायकली उतारावर पळवायला सुरुवात केली. त्या सायकलींची चाकं २६ इंची होती, म्हणून पुढची कित्येक वर्षं माउंटन बाईक म्हणजे २६ इंच हे समीकरण राहिलं. त्यामागे फार मोठं शास्त्र नव्हतं, हाताशी होतं ते वापरलं गेलं. गॅरी फिशरसारख्यांनी २९ इंची चाकांचा आग्रह धरला तो बराच नंतर.

मोठं चाक खड्ड्यात कमी अडकतं, दगडावरून सहज जातं आणि एकदा वेग घेतला की तो टिकवतं. लहान चाक हलकं असतं, पटकन वळतं, थांबून पुन्हा निघताना कमी जोर लागतो. २०१२च्या लंडन ऑलिंपिकमध्ये क्रॉस कंट्री शर्यतीत २९ इंचीवर बसलेला यारोस्लाव्ह कुल्हावी पहिला आला आणि २७.५ इंचीवरचा निनो शुर्टर दुसरा. दोघांमध्ये फरक होता एका सेकंदाचा. तेव्हा चाकावरून फार डोकेफोड करू नका.

नावावरून वाटतं, २७.५ हे २६ आणि २९च्या बरोबर मध्ये असेल. तसं नाही. ज्या रिमवर टायर बसतो तिचा व्यास २६ इंचीत ५५९ मिलिमीटर, २७.५मध्ये ५८४ आणि २९मध्ये ६२२ असतो. म्हणजे साडेसत्तावीस हे सव्वीसचंच जवळचं भावंड. टायरच्या बाजूला '५४-६२२' असा छोटा आकडा छापलेला असतो. त्यातला पहिला टायरची रुंदी आणि दुसरा हा व्यास सांगतो. ट्यूब किंवा टायर बदलताना हाच बघा.

उंचीशी चाकाचा संबंध एवढाच, की फार लहान फ्रेममध्ये २९चं चाक बसवलं तर हँडल उंच जातं आणि वळताना बुटाचं टोक पुढच्या चाकाला लागू शकतं. म्हणूनच ट्रेकसारख्या कंपन्या काही मॉडेल्समध्ये लहान फ्रेमला २७.५ची आणि मोठ्या फ्रेमला २९ची चाकं देतात. उंची साधारण ५ फूट ३ इंचांपेक्षा कमी असेल, तर २७.५ किंवा २६ सोयीचं पडतं. त्यापुढे तुमची आवड.

आपली फ्रेम कशी काढायची?

घरी पाच मिनिटांचं काम आहे. एक जाड पुस्तक आणि मेजरिंग टेप घ्या. अनवाणी, भिंतीला पाठ लावून उभे राहा, पायांत वीतभर अंतर ठेवा. पुस्तक उभं धरून दोन पायांच्या मध्ये वरपर्यंत घट्ट न्या, सायकलच्या सीटवर बसल्यासारखं. पुस्तकाची वरची कड भिंतीवर जिथे येते तिथे खूण करा आणि जमिनीपासून तिथपर्यंत मोजा. ही तुमच्या पायांची आतली लांबी. पँटच्या लेबलवरचा आकडा इथे चालत नाही, तो कमी भरतो. दोनदा मोजा, कारण पहिल्यांदा पुस्तक तिरकं होतंच.

ही लांबी सेंटीमीटरमध्ये घेऊन ०.२२६ने गुणली की फ्रेमचा अंदाजे आकडा इंचांत मिळतो. समजा दोन मैत्रिणी आहेत, दोघींची उंची १६५ सेंटीमीटर. एकीच्या पायांची लांबी ७४, दुसरीची ७९. पहिलीला येतात १६.७ इंच, दुसरीला १७.९. उंची सारखी, तरी फ्रेममध्ये इंचाहून जास्त फरक. म्हणून नुसत्या उंचीवर विसंबायचं नाही.

तरी ढोबळ अंदाज हवाच असेल तर असा: १५५ ते १६५ सेंटीमीटर, म्हणजे ५ फूट १ ते ५ फूट ५ इंच उंचीला १५-१६ इंची फ्रेम, जिला स्मॉल म्हणतात. १६५ ते १७५ला १७-१८ इंची, म्हणजे मीडियम. १७५ ते १८५ला १९-२० इंची लार्ज. १५५च्या खाली १३-१४ इंची शोधावी लागते, आणि ती प्रत्येक दुकानात मिळत नाही. अशा वेळी 'लेडीज सायकल घ्या' असा सल्ला मिळतो. लेडीज-जेंट्स हा मापाचा प्रश्नच नाही. लहान फ्रेम मागवून घ्या.

'सीटवर बसून दोन्ही पाय टेकले पाहिजेत' हे खरं का?

नाही. चुकीच्या सायकली सगळ्यात जास्त याच समजामुळे घेतल्या जातात.

सीटवर बसलेलं असताना दोन्ही तळपाय जमिनीला सपाट टेकत असतील तर सीट फार खाली आहे. पायडल मारताना गुडघा कायम दुमडलेला राहतो आणि थोड्याच दिवसांत गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखायला लागतं. चढावर दम लवकर लागतो तो वेगळाच. लोक मग म्हणतात, 'सायकलिंग आपल्याला झेपत नाही.'

सीटची योग्य उंची अशी बघा: भिंतीला धरून सीटवर बसा, पायडल सगळ्यात खाली आणा आणि त्यावर टाच ठेवा. गुडघा सरळ झाला पाहिजे, पण कंबर एका बाजूला झुकायला नको. आता टाचेऐवजी चवडा पायडलवर आणला की गुडघ्याला हलकासा बाक राहतो. तेच हवं. आकड्यांत हवं असेल तर पायांची आतली लांबी गुणिले ०.८८३, क्रँक जिथे फिरतो त्या आसाच्या मध्यापासून सीटच्या वरच्या पृष्ठभागापर्यंतचं हे अंतर. ७८ सेंटीमीटरला ते जवळपास ६९ येतं. गुडघ्याच्या मागच्या बाजूला ताण आला तर सीट जास्त वर गेली आहे, थोडी खाली घ्या.

एवढ्या उंचीवर बसल्यावर फक्त पायाची बोटं टेकतील. सिग्नलला थांबताना सीटवरून पुढे उतरायचं आणि मधल्या आडव्या दांड्याच्या दोन्ही बाजूंना पाय ठेवून उभं राहायचं. आणि इथेच फ्रेमची खरी परीक्षा होते. असं उभं असताना दांडा आणि तुमच्यामध्ये किमान ५ सेंटीमीटर मोकळी जागा हवी. रस्त्यावर थोडी कमी असली तर चालून जाईल, पण टेकडीवरच्या पायवाटेवर एक पाय खोलगट जागी पडला तर ती जागा किती महत्त्वाची, हे वेगळं सांगायला नको. यासाठी कंपन्या 'स्टँडओव्हर हाइट' देतात, म्हणजे जमिनीपासून दांड्याची उंची. ती तुमच्या पायांच्या लांबीशी ताडून बघा. बुटांचे दोनेक सेंटीमीटर तुमच्या बाजूने धरा.

उंची जमली, पण हँडल लांब वाटतंय?

आजकालच्या फ्रेमचा मधला दांडा सीटकडे उतरता असतो. त्यामुळे उभी नळी आखूड दिसते आणि नुसत्या इंचांवरून सायकल किती लांब आहे हे कळत नाही. त्यासाठी कंपनीच्या तक्त्यात 'रीच' नावाचा आकडा बघा: क्रँकच्या आसापासून हँडलच्या नळीच्या वरच्या टोकापर्यंतचं आडवं अंतर. एका कंपनीचा मीडियम दुसऱ्या कंपनीच्या लार्जइतका लांब असू शकतो, ते इथे दिसतं. स्पेशलाइज्डने तर काही मॉडेल्सवर स्मॉल-मीडियम सोडून एस१ ते एस६ असे आकडेच लावले आहेत.

दुकानात तपासायची रीत सोपी आहे. आधी सीट योग्य उंचीला लावून घ्या, मगच चक्कर मारा. दुकानदार कंटाळला तरी हा आग्रह सोडू नका. हँडल धरल्यावर कोपरं थोडी वाकलेली हवीत. हात ताठ होत असतील, वजन तळहातांवर येत असेल तर सायकल लांब आहे. हँडल पूर्ण वळवताना ते गुडघ्याला लागत असेल तर आखूड.

दोन मापांच्या मध्ये अडकलात, तर हात पसरून एका मधल्या बोटापासून दुसऱ्यापर्यंत मोजा. हा आकडा उंचीपेक्षा जास्त आला तर मोठी फ्रेम, कमी आला तर लहान. तरीही ठरेना, तर पहिल्या सायकलसाठी मी लहान फ्रेम सुचवेन. लहान फ्रेमची सीट वर घेता येते, मोठ्या फ्रेमचा दांडा खाली घेता येत नाही.

ऑनलाइन घेताना आणि मुलांसाठी घेताना

ऑनलाइन पानावर फ्रेमचं माप दिलेलं नसेल, फक्त '१२ वर्षांपुढील सर्वांसाठी' असं लिहिलं असेल, तर ती सायकल घेऊ नका. १२ वर्षांचा मुलगा आणि सहा फुटी माणूस एकाच फ्रेमवर बसू शकत नाहीत. बहुतेक खोक्यांतून सायकल ८५ टक्के जोडलेली येते. उरलेलं जोडून झाल्यावर माप चुकल्याचं कळलं तर परत पाठवण्याची कटकट होते. त्याच मापाची सायकल आधी कुणाची तरी चालवून बघा.

मुलांच्या बाबतीत आपण वाढत्या अंगाचे कपडे घेतो तशी सायकल घेतो. कपडे ढगळ झाले तर बाह्या दुमडता येतात. मोठ्या सायकलवर मुलाला ब्रेक दाबताना पाय टेकवता येत नाहीत आणि ते पडतं. साधारण ११५ ते १३५ सेंटीमीटर उंचीला २० इंची चाकाची आणि १३५ ते १५०ला २४ इंची चाकाची सायकल बसते. वय विचारून नाही, मुलाला सोबत नेऊन, दांड्यावर उभं करून घ्या.

चुकीची घेऊन झाली असेल तर?

थोडी लांब असेल तर हँडल आणि फ्रेम जोडणारा स्टेम २-३ सेंटीमीटर आखूड बसवून घेता येतो. हा खर्च नव्या सायकलच्या मानाने किरकोळ आहे. हँडल जवळ यावं म्हणून सीट पुढे सरकवू नका, त्याने गुडघ्यांचं गणित बिघडतं. थोडी लहान असेल तर लांब सीटपोस्ट मिळतो. पण सीटपोस्टवर एक रेघ कोरलेली असते, ती नळीच्या बाहेर दिसता कामा नये. ती बाहेर काढून चालवलं तर पोस्ट वाकू शकतो, फ्रेमला तडा जाऊ शकतो.

दांड्यावर उभं राहता येत नसेल तर मात्र कुठलाही सुटा भाग उपयोगाचा नाही. माझी १९ इंची मी शेवटी एका सहा फुटी सहकाऱ्याला विकली. त्याला ती छान बसते.