फैजपुरातील सालअखेर

खानदेशात साल एकदा संपत नाही, तीनदा संपते. कचेरीचे साल 31 मार्चला संपते आणि त्या रात्री मामलेदारापासून म्युनिसिपालिटीच्या कारकुनापर्यंत सर्वांचे दिवे उशिरापर्यंत जळतात. शाळेचे साल एप्रिलच्या वार्षिक परीक्षेने आणि तिच्या निकालाने संपते. आणि शेतीचे साल आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला संपते, कारण सालदाराचा करार या भागात आखाजी ते आखाजी असा होत आला आहे. सासुरवाशिणी माहेरी येतात, आंब्याच्या आणि निंबाच्या फांद्यांना झोके बांधले जातात, गौराईची गाणी चालू असतात, आणि त्याच दिवसांत ओट्यावर बसून पुढच्या सालाचे धान्य किती, रोकड किती, कपडे व जोडे कोणते, याची बोली होऊन एखादा मनुष्य वर्षभरासाठी बांधला जातो. शाळेचा निकाल आणि हा सौदा जवळजवळ एकाच पंधरवड्यात पडतात, ही गोष्ट वरकरणी योगायोगाची वाटली तरी या प्रदेशातील माध्यमिक शिक्षणाच्या इतिहासात तिला मोठे स्थान आहे. कारण कित्येक मुलांच्या बाबतीत शाळा सुटली ती परीक्षेत नापास झाल्यामुळे सुटली नाही, आखाजी आली म्हणून सुटली.

फैजपूर हे सातपुड्याच्या पायथ्याशी, तापीच्या उत्तरेस, यावल आणि सावदा यांच्या दरम्यान बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्त्यावर वसलेले गाव. नावावरूनच त्याच्या मुसलमानी अमदानीची साक्ष पटते. एकोणिसाव्या शतकात त्याची ख्याती होती ती रंगाऱ्यांमुळे: तांबड्या आणि गडद निळ्या रंगात कापड रंगवण्याचे व त्यावर ठसे उठवण्याचे येथील कसब सरकारी गॅझेटियरकारांनाही नोंदवावेसे वाटले. पुढे गिरणीच्या कापडाने आणि विलायती रंगाने हा धंदा मंदावला, कपाशी व केळी यांनी त्याची जागा घेतली, 1906 साली खानदेश जिल्ह्याचे पूर्व व पश्चिम असे दोन भाग झाले, आणि फैजपूर हे पूर्व खानदेशातील एक बाजारपेठेचे, म्युनिसिपालिटीचे गाव म्हणून राहिले. अशा गावांना हायस्कूल हवेसे वाटू लागले, त्यामागे विद्येची निखळ तहान होती असे मानण्याचे कारण नाही. मुलाला जळगावास किंवा धुळ्यास ठेवण्याचा खर्च, शेजारच्या गावात हायस्कूल निघाल्याची सल, आणि केळीचा दर ठरवताना इंग्रजी तार वाचता येण्याची सोय, या सर्वांचा त्यात वाटा होता. यापैकी शेजाऱ्याची सल हे कारण मला सर्वांत बलवत्तर वाटते, आणि त्यात मला काही कमीपणा दिसत नाही.

शाळेने वर्षाच्या अखेरीस आपले वृत्त सांगावे, ही रूढी आज इतकी अंगवळणी पडली आहे की तिचा उगम शोधावासा कोणास वाटत नाही. उगम मात्र अगदी रुक्ष आहे. 1854 च्या शैक्षणिक खलित्याने खाजगी शाळांना सरकारी अनुदान देण्याचे तत्त्व मान्य केले, अनुदानाबरोबर तपासणी आली, आणि तपासणीबरोबर दप्तर आले. पटावरील संख्या, सरासरी हजेरी, फीची वसुली, शिक्षकांची पात्रता, निकालाचे प्रमाण, इमारतीची डागडुजी, हे सर्व ठराविक नमुन्यात लिहून ठेवल्याखेरीज ग्रँट मिळत नसे. मराठी शाळेत येणारा दिपोटी आणि हायस्कुलात येणारा इन्स्पेक्टर हे दोघेही जाताना शेरेबुकात चार ओळी लिहून जात, आणि त्या चार ओळींवर हेडमास्तरांची वर्षभराची झोप अवलंबून असे. वार्षिक अहवाल हा मूळचा या दप्तराचा गोषवारा होय. तो सरकारासाठी लिहिला जाई, पुढे देणगीदारांसाठी लिहिला जाऊ लागला, आणि सर्वांत शेवटी, म्हणजे स्नेहसंमेलनाची चाल शाळांत रुळल्यानंतर, तो गावासाठी मोठ्याने वाचला जाऊ लागला. पुण्यामुंबईच्या महाविद्यालयांत आजीमाजी विद्यार्थ्यांचे जे ‘सोशल गॅदरिंग’ भरत असे, त्याचे हे तालुक्याच्या गावातील रूप. नाटकाचा पडदा उघडण्यापूर्वी श्रोत्यांना हा अहवाल ऐकावा लागे, आणि ते तो निमूटपणे ऐकत, कारण त्यात कोठेतरी आपल्या मुलाचे नाव येईल अशी प्रत्येकास आशा असे.

परंतु शाळेच्या बातमीला दप्तराबाहेरचा एक दुसरा प्रवाहही याच खानदेशात मिळाला, आणि त्याचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाता येत नाही. पांडुरंग सदाशिव साने 1924 साली अमळनेरच्या हायस्कुलात शिक्षक म्हणून रुजू झाले. तेथील छात्रालयाची जबाबदारी त्यांच्याकडे आल्यावर त्यांनी मुलांसाठी ‘छात्रालय’ नावाचे एक दैनिक चालवले. ते छापील नव्हते. गुरुजी ते स्वतःच्या हाताने लिहीत, आणि मुले ते उभ्याने वाचत. ज्या मनुष्याने मुलांच्या खोल्या झाडल्या, त्यांची भांडी घासली, त्यांच्या कंदिलांच्या काचा पुसल्या, त्याच मनुष्याने रोज सकाळी त्यांच्यासाठी ताजी बातमी तयार ठेवावी, यात त्यास काही विशेष वाटत नसावे. दोन्ही कामे एकाच घरातली होती. पुढे त्यांनी ‘विद्यार्थी’ हे मासिक काढले, आणि 1930 साली नोकरीचा राजीनामा देऊन ते सत्याग्रहात पडले. अमळनेरात ते जेमतेम सहा वर्षे शिक्षक होते. तरीही शाळेने आपली हकीकत वरिष्ठांना सादर करण्याऐवजी आपल्याच मुलांना सांगावी, आणि तीही प्रेमाने सांगावी, हा विचार त्या हस्तलिखिताने खानदेशात रुजवला. पुढच्या पिढीत महाराष्ट्रातील असंख्य शाळांतून स्नेहसंमेलनाच्या दिवशी हस्तलिखित अंकाचे प्रकाशन होऊ लागले. चांगल्या अक्षराच्या मुलीस आणि चित्रे काढणाऱ्या मुलास महिनाभर आधीपासून वर्गातून सूट मिळू लागली.

डिसेंबर 1936 मध्ये फैजपूरला जे घडले ते शाळेच्या इतिहासात बसवणे कोणास अप्रस्तुत वाटेल. मला ते तसे वाटत नाही. राष्ट्रीय सभेचे पन्नासावे अधिवेशन 27 व 28 डिसेंबर रोजी येथे भरले. खेड्यात भरलेले हे पहिलेच अधिवेशन. जवाहरलाल नेहरू अध्यक्ष होते, शंकरराव देव स्वागताध्यक्ष होते, आणि खिरोद्याचे धनाजी नाना चौधरी यांनी हे शिवधनुष्य आपल्या मुलखात ओढून आणले होते. तिलकनगर नावाची एक नगरी शेतांत उभी राहिली. तिची सजावट शांतिनिकेतनच्या नंदलाल बोस यांनी बांबू, चटया, गवत असल्या गावच्याच साहित्यातून केली. महात्मा गांधींच्या हस्ते खादी व ग्रामोद्योगांचे प्रदर्शन खुले झाले. बैलांच्या रथातून अध्यक्षांची मिरवणूक निघाली. मुंबईत जेथे 1885 साली पहिले अधिवेशन भरले होते तेथून धावपटूंनी पायी ज्योत आणली. साने गुरुजी या तयारीसाठी गावोगाव हिंडत होते. शेतकऱ्यांच्या मागण्यांचा जो ठराव येथे झाला त्यावर राजकारणाच्या इतिहासकारांनी पुष्कळ लिहिले आहे. मला सांगायचे आहे ते निराळे.

नाताळच्या सुटीचे ते दिवस होते, शाळा बंद होत्या, आणि स्वयंसेवकांत पोरसवदा मुलांचा भरणा मोठा होता. पाणी भरणे, रांगा लावणे, चुकलेल्या मुलांना आईबापांपाशी पोचवणे, संडास स्वच्छ ठेवणे, घोषणा देणे, तंबूंचे क्रमांक पाठ करणे, ही कामे त्यांनी केली. गावाने हजारो लोकांना घरी बोलवावे, त्यांच्यासाठी मांडव घालावा, बसण्याची, खाण्याची, ऐकण्याची व्यवस्था करावी आणि नंतर पै-पैचा हिशोब द्यावा, याचे इतके मोठे प्रात्यक्षिक कोणत्याही शाळेत मिळाले नसते. पुढे या भागातील शाळांच्या संमेलनांत मांडवाची शिस्त, स्वयंसेवकांचे पट्टे, प्रदर्शनाचे दालन आणि स्वागताध्यक्षांचे लांबलेले भाषण यांना जे अढळ स्थान मिळाले, त्यात तिलकनगरचा थोडाबहुत अंश असावा असे मी मानतो. भाषणाच्या लांबीबाबत तरी माझी खात्री आहे.

संमेलनाचा काळ थंडीचा. त्याच काळात वांग्यांचाही बहर असतो, आणि फैजपूरजवळच्या बामणोदची पांढरट हिरवी वांगी तर प्रसिद्धच आहेत. त्यामुळे इतरत्र ज्यास स्नेहभोजन म्हणतात ते येथे बहुधा भरिताचे असते. शाळेमागच्या मोकळ्या जागेत किंवा एखाद्या पालकाच्या मळ्यात तुरकाट्यांचा किंवा पऱ्हाट्यांचा जाळ करून त्यावर वांगी टाकायची. साल करपून आतला गर लुसलुशीत झाला की मुलामुलींच्या हाती ती सोलायला द्यायची. मग लाकडी बडगीत हिरव्या मिरच्या व लसूण यांसह तो गर ठेचायचा. शेंगदाणे, खोबरे, कांद्याची पात घालून वरून फोडणी द्यायची. सोबत पुरी किंवा कळण्याची भाकरी. बोटांना लागलेली काजळी दोन दिवस जात नाही, आणि दुसऱ्या दिवशी वहीच्या पानावर उमटलेले ठसे पाहून मास्तर काही बोलत नाहीत. एकाच बडगीतले भरीत सर्वांनी खावे, ही गोष्ट आज सांगण्यासारखी वाटत नाही. परंतु ज्या काळात शाळेतील पाण्याचा माठसुद्धा सर्वांसाठी एक नसे, त्या काळाच्या संदर्भात ती क्षुल्लक नव्हती. ती सर्वत्र सारख्याच वेळी आणि सारख्याच खुशीने घडली असे कोणी लिहील तर ते खोटे होईल.

स्वातंत्र्यानंतर सालअखेरीचे स्वरूप पालटले. मुंबई विद्यापीठाची मॅट्रिक जाऊन 1949 पासून एस. एस. सी. आली, अहवालातील निकालाचे कलम लांबले, निरोपसमारंभ हा स्वतंत्र विधी झाला. शेवटच्या वर्गाने शाळेस भिंतीवरचे घड्याळ किंवा थोर पुरुषाची तसबीर भेट द्यावी, हेडमास्तरांना मध्ये खुर्चीवर बसवून फोटो काढावा, आणि ज्याने वर्षभर सर्वाधिक छड्या खाल्ल्या त्यानेच आभाराच्या भाषणात सर्वांत अधिक रडावे, हा क्रम ठरून गेला. फीमाफीस तेव्हा नादारी म्हणत. नादारीचा अर्ज तलाठ्याच्या दाखल्यासह जूनमध्ये द्यावा लागे, आणि ती कितीजणांस मिळाली हा आकडा अहवालात अभिमानाने वाचला जाई; ती मिळालेली मुले त्या वेळी मांडवात मान खाली घालून बसत, याची दखल वाचणारा घेत नसे. 1959 च्या सुमारास आर्थिकदृष्ट्या मागासलेल्यांना सवलत मिळू लागली तेव्हा हा संकोच बराच ओसरला, कारण अर्धा वर्ग एकदम त्या यादीत आला. 1961 साली धनाजी नानांच्या नावाने फैजपुरात महाविद्यालय सुरू झाले आणि मॅट्रिकनंतर गाव सोडण्याची सक्ती संपली. त्यांचे चिरंजीव मधुकरराव चौधरी पुढे राज्याचे शिक्षणमंत्री झाले. खिरोदा-फैजपूर पट्ट्यातील शाळांच्या व्यासपीठांवर पाहुण्यांची वाण कधी पडली नाही, ती यामुळे.

अहवालात हे सर्व आढळते. अहवालात जे आढळत नाही ते जनरल रजिस्टरात आढळते, आणि एखाद्या शाळेचा इतिहास लिहिण्याचे माझ्या हाती आले तर मी छापील अहवाल बाजूस ठेवून त्या जाडजूड, कापडी बांधणीच्या वहीपासून आरंभ करीन. दोन्ही पानांवर आडवे रकाने असतात: अनुक्रमांक, नाव, जात, जन्मस्थळ, जन्मतारीख अंकी व अक्षरी, पूर्वीची शाळा, प्रवेशाची तारीख, प्रगती, वर्तणूक, शाळा सोडल्याची तारीख, सोडण्याचे कारण, शेरा. जन्मतारखेच्या रकान्यात 1 जून ही तारीख इतक्या वेळा येते की परक्या माणसास या प्रदेशातील जन्मांचे नवल वाटावे. खरे कारण असे की बाप मुलास घेऊन आला तो ‘मोठ्या पुराच्या साली झाला’ एवढेच सांगे, आणि मास्तर शाळा उघडण्याच्या महिन्याची पहिली तारीख घालून मोकळे होत. वर्तणुकीच्या रकान्यात बहुतेक सर्वत्र ‘चांगली’ असते. सोडण्याच्या कारणाचा रकाना मात्र बोलका असतो. ‘शेतीकाम’, ‘घरकाम’, ‘लग्न’, ‘परगावी’, ‘सतत गैरहजर’. आणि या नोंदींच्या तारखा एप्रिलअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत दाटीने येतात. ज्या वर्षी संमेलनाच्या अहवालात पटसंख्या वाढल्याबद्दल टाळ्या पडतात, त्याच वर्षी या रकान्यात आखाजीनंतरची दोन पाने भरलेली असतात. टाळ्या आणि ही पाने यांत परस्परविरोध नाही. नव्याने येणारे अधिक होते म्हणून पट वाढला, आणि जाणारे नेहमीप्रमाणे गेले.

मुलींच्या बाबतीत हा रकाना अधिक काळ कठोर राहिला. माहेरी आलेल्या थोरल्या बहिणीच्या ओळखीतून धाकटीचे स्थळ ठरावे, आणि जूनमध्ये वर्ग भरताना तिचे बाक रिकामे असावे, हा आखाजीचा दुसरा परिणाम. 1985 नंतर राज्याने मुलींचे शिक्षण बारावीपर्यंत मोफत केले, तेव्हा ‘लग्न’ या कारणाची वारंवारता कमी झाली. फी हेच एक कारण असते तर ती त्या साली संपूनच जायला हवी होती.

अलीकडे विद्यार्थ्यांची माहिती संगणकावर भरली जाते, आणि 1 मे रोजी ध्वजवंदनानंतर निकालपत्रक हाती मिळते. जुनी रजिस्टरे तरीही कुलपात सुखाने पडून राहत नाहीत. जातपडताळणीसाठी आजोबा-पणजोबांची जुनी नोंद लागते, म्हणून उन्हाळ्याच्या सुटीत, प्रवेशाची घाई सुरू होण्यापूर्वी, लोक अर्ज घेऊन शाळेच्या कार्यालयात येतात. लिपिक सन विचारतो, कपाटातून वही काढतो, धूळ झटकतो आणि तर्जनी नावांवरून खाली नेत जातो. आजोबा कोणत्या इयत्तेत होते, त्यांना गणितात किती गुण होते, त्यांनी शाळा का सोडली, याची चौकशी आलेला मनुष्य सहसा करीत नाही. त्यास जातीचा रकाना हवा असतो. त्याची छायांकित प्रत काढून त्यावर मुख्याध्यापकांचा शिक्का व सही होते, आणि तिसऱ्या रकान्यापलीकडचे पान न वाचताच वही पुन्हा कपाटात जाते.